विश्लेषण : दोष एकच, मग एका भावाची किडनी पन्नाशीत आणि दुसऱ्याची सत्तरीत का निकामी होते?

आनुवंशिक मूत्रपिंड विकार कोणाला होणार, हे जनुक चाचणी सांगते. कधी बळावणार, हे नेमके सांगत नाही. ही उणीव पेशींमधील ‘एपिजेनेटिक’ खुणा भरून काढतील, अशी आशा आहे. ती कितपत खरी आहे आणि रुग्णांनी आज कशावर विसंबावे?

एकाच घरातले दोन भाऊ. दोघांनाही वडिलांकडून एकाच जनुकातला एकच दोष आलेला. थोरल्याला पन्नाशीच्या आत आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जावे लागते. धाकटा साठी ओलांडून निवृत्त होतो, तरी त्याचे भागते रक्तदाबाच्या एका गोळीवर. ‘पॉलिसिस्टिक किडनी’ हा आजार असलेल्या कुटुंबांत असे चित्र डॉक्टरांना नवे नाही. नवे आहे ते त्यामागचे कारण शोधण्यासाठी सुरू झालेले काम, आणि त्यात गुंतू लागलेला पैसा. एप्रिल २०२५ मध्ये ‘नोव्हार्टिस’ या बड्या औषध कंपनीने ‘रेग्युलस थेरप्युटिक्स’ ही छोटी अमेरिकी कंपनी विकत घेण्याची घोषणा केली. सुरुवातीलाच सुमारे ८० कोटी डॉलर आणि औषधाला मंजुरी मिळाल्यास एकूण १७० कोटींपर्यंत, असा हा सौदा. रेग्युलसकडे मोलाचे असे एकच होते : या आजारावरचे, मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात असलेले एक औषध. ते जनुकातला दोष दुरुस्त करत नाही. जनुकाचा आवाज दाबणारा हात बाजूला करते.

हा आजार नेमका काय?

पूर्ण नाव ‘ऑटोसोमल डॉमिनंट पॉलिसिस्टिक किडनी डिसीज’. आनुवंशिक मूत्रपिंड विकारांत हा सर्वाधिक आढळणारा. साधारण एक ते अडीच हजार लोकांमागे एकाला तो असतो. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना फुगवटे येतात, त्यात पाणी साठते, त्याच्या गाठी म्हणजे ‘सिस्ट’ बनतात आणि वर्षानुवर्षे वाढत राहतात. मुठीएवढे, जेमतेम दीडशे ग्रॅमचे मूत्रपिंड काही रुग्णांत काही किलोंचे होते. मधली निरोगी ऊती दबून मरते. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही. दहा-पंधरा टक्के रुग्णांत मात्र घरात कोणालाच आजार नसतो; दोष त्यांच्यातच नव्याने उपजलेला असतो किंवा आधीच्या पिढीत निदानच झालेले नसते.

या आजाराची एक फसवी बाजू आहे. उरलेल्या गाळण्या जादा काम करून तूट भरून काढतात, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन अनेकांत चाळिशीपर्यंत ‘नॉर्मल’ येते. रिपोर्ट चांगला म्हणून घरचे निर्धास्त असतात, आणि आत मूत्रपिंड दुपटीने वाढलेले असते.

जनुक सापडले, तरी अंदाज का चुकतो?

दोन जनुके यासाठी मुख्यतः जबाबदार आहेत. १६ व्या गुणसूत्रावरचे ‘पीकेडी-१’ हे १९९४ मध्ये सापडले. चौथ्या गुणसूत्रावरचे ‘पीकेडी-२’ १९९६ मध्ये. सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोड्या अधिक रुग्णांत पहिल्यात दोष असतो, १५ टक्क्यांच्या आसपास दुसऱ्यात. दोष कोणता यावरून ढोबळ अंदाज बांधता येतो. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातल्या रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीवरून २०१३ मध्ये असे दिसले, की पीकेडी-१ चे प्रथिन अर्धवट तुटणारा दोष असेल, तर मूत्रपिंड निकामी होण्याचे मध्यम वय ५५ च्या आसपास असते. प्रथिन पुरे बनते पण बिघडलेले असते, अशा दोषात ते ६७ आणि पीकेडी-२ मध्ये ७९.

हे आकडे गटाचे आहेत. घरातल्या एका माणसाला ते लागू पडतीलच असे नाही. एकच दोष असलेल्या भावंडांत वीस-वीस वर्षांचे अंतर पडते. जुळ्यांचा अभ्यास इथे उपयोगी ठरतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सारख्या जुळ्यांमधला फरक साध्या भावंडांमधल्या फरकापेक्षा कमी आढळला. म्हणजे घरातल्या फरकाचा मोठा वाटा इतर जनुकांचा असावा. पण सारख्या जुळ्यांतही घड्याळे अगदी एकत्र चालली नाहीत. त्यांचे जनुक तर अक्षरशः एकच. मग उरलेला फरक कुठून आला?

याचे एक उत्तर १९९६ मध्ये मिळाले होते. प्रत्येक पेशीत पीकेडी-१ च्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. रुग्णाकडे एक बिघडलेली आणि एक चांगली. चांगली प्रत काम करते तोवर पेशी सावरून असते. सिस्टच्या आतल्या अस्तरातील पेशी तपासल्या, तेव्हा काहींमध्ये ही दुसरी, चांगली प्रतही गमावलेली दिसली. पहिला तडाखा जन्माचा, दुसरा आयुष्यात कधीतरी बसलेला. दुसरा तडाखा कोणाला, कधी आणि किती पेशींत बसेल, हे बरेचसे दैवाधीन. त्यामुळेच शरीरातल्या सगळ्या नलिका बिघडत नाहीत, थोड्याच बिघडतात.

मात्र पुढे लक्षात आले, की चांगली प्रत पुसलीच जावी लागते असे नाही. ती शाबूत राहून तिच्यापासून बनणारे प्रथिन एका पातळीच्या खाली गेले, तरी सिस्ट बनू शकते. एपिजेनेटिक्सचा संबंध इथे येतो.

एपिजेनेटिक खूण म्हणजे काय?

स्वयंपाकाची जुनी वही घ्या. तिच्यातली अक्षरे म्हणजे डीएनए. आता दोन पाने तेलाने किंवा खळीने एकमेकांना चिकटली. अक्षर एकही पुसलेले नाही, पण त्या पानावरचा पदार्थ घरात बनेनासा होतो. पेशीमध्ये हे चिकटवण्याचे काम काही रासायनिक खुणा करतात. सर्वांत जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे डीएनएच्या ‘सायटोसिन’ या अक्षरावर बसणारा मेथिल गट. दुसऱ्या प्रकारच्या खुणा डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर बसतात आणि गुंडाळी सैल किंवा घट्ट करतात. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केला. तेव्हा डीएनएची रचनाही उलगडली नव्हती.

या खुणा असणे हा आजार नव्हे. डोळ्याची पेशी आणि मूत्रपिंडाची पेशी यांच्याकडे वही एकच असते. कोणती पाने उघडी ठेवायची हे याच खुणा ठरवतात. त्या वयाने बदलतात. परिस्थितीचाही ठसा राहतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात ज्यांची गर्भावस्था सुरू झाली, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर साठ वर्षांनंतरही मेथिल खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘दोष जन्माचा, पण वेळ आयुष्याची’ ही कल्पना मूत्रपिंडाच्या अभ्यासकांना मोहवते, यात नवल नाही.

रुग्णांच्या मूत्रपिंडात काय सापडले?

२०१४ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी रुग्णांच्या काढून टाकलेल्या मूत्रपिंडांतील मेथिल खुणांचा नकाशा तयार केला. अनेक जनुकांवर, आणि खुद्द पीकेडी-१ वर, निरोगी ऊतीपेक्षा जास्त खुणा दिसल्या. त्या जनुकाचे कामही मंदावलेले होते. हे ऐकायला फार सुसंगत वाटते : एक प्रत जन्मतः बिघडलेली, उरलेले पान चिकटलेले.

चार वर्षांनी न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या गटाने अधिक बारकाईचे तंत्र वापरले. त्यांना सिस्टच्या ऊतीत एकूण मेथिल खुणा उलट कमी आढळल्या. पीकेडी-१ च्या शेपटाकडच्या भागात मात्र त्या वाढलेल्याच होत्या. म्हणजे एका मुद्द्यावर दोन्ही अभ्यास जुळले, पण एकूण चित्राबाबत विरुद्ध दिशांना गेले. दोन्हींत नमुने मोजक्याच रुग्णांचे होते. अशा वेळी जुळलेला मुद्दा उचलून बातमी करणे सोपे असते, आणि तसे झालेही. पण या क्षेत्रातल्या अडचणी समजून घेतल्याशिवाय त्या निष्कर्षाचे वजन कळत नाही.

पहिली अडचण ऊतीची. जिवंत, बऱ्यापैकी काम करणाऱ्या मूत्रपिंडाचा तुकडा केवळ संशोधनासाठी कोणी काढून देत नाही, आणि या आजारात निदानासाठी बायोप्सीची गरजही पडत नाही. त्यामुळे नमुने येतात ते शेवटच्या टप्प्यातल्या, प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या मूत्रपिंडांतून. तिथे वर्षानुवर्षांची सूज, व्रण, रक्तपुरवठ्याची ओढाताण असते. निरोगी मूत्रपिंडात नलिकेच्या पेशी जास्त, आजारी मूत्रपिंडात व्रणाच्या आणि दाहाच्या पेशी जास्त. दोहोंतल्या खुणांचा फरक हा आजाराचा की केवळ पेशींच्या सरमिसळीचा, हे वेगळे काढणे कठीण. आणि सर्वांत कळीचा प्रश्न : पान चिकटले म्हणून घर बिघडले, की घर बिघडल्यावर पान चिकटले? शेवटच्या टप्प्यात काढलेल्या एका छायाचित्रावरून हे ठरत नाही. त्याच व्यक्तीचे वीस वर्षांतले अनेक नमुने हवेत, आणि ते मूत्रपिंडातून मिळवता येत नाहीत.

रक्तातून का पाहत नाही? कारण खुणा अवयवागणिक वेगळ्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची वही मूत्रपिंडाची उघडी पाने दाखवत नाही.

दुसरी अडचण पीकेडी-१ च्या घडणीतच आहे. या जनुकाच्या बऱ्याच मोठ्या भागाच्या सहा बोगस नकला त्याच १६ व्या गुणसूत्रावर पडून आहेत. यंत्राने वाचलेला तुकडा असलीचा की नकलेचा, हे ओळखण्यातच पूर्वी जनुक चाचण्यांची निम्मी मेहनत जाई. मेथिल खुणा मोजतानाही तोच घोळ होतो. शेपटाकडचा भाग नकलांमध्ये नाही. तिथल्या निष्कर्षावर त्यातल्या त्यात जास्त विसंबता येते, ते यामुळे.

लघवीचा मार्ग जास्त आशादायक दिसतो. मूत्रपिंडाच्या पेशी लघवीत सूक्ष्म पुड्या सोडतात. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये त्या पुड्यांतील मायक्रो-आरएनए मोजले, तेव्हा आजार बळावलेल्या रुग्णांत त्यातले काही ठरावीक प्रकार कमी आढळले. मायक्रो-आरएनए हे डीएनएवरचे चिन्ह नव्हे. जनुकाकडून निघालेला निरोप वाटेत अडवणारे ते छोटे रेणू. त्यांना एपिजेनेटिक म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परिणाम मात्र तोच, अक्षर न बदलता जनुकाचे काम कमी-जास्त होणे. या रेणूंच्या शोधासाठीच २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिळाले.

मग नोव्हार्टिसने नेमके काय विकत घेतले?

अमेरिकेतील डॅलस येथील यूटी साऊथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात विशाल पटेल यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षे ‘मायक्रो-आरएनए १७’ या कुटुंबाचा माग काढला. या आजारात तो वाढतो. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले, की उंदरांत तो रोखल्यास सिस्टची वाढ मंदावते. २०२२ मध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पीकेडी-१ आणि पीकेडी-२ यांच्या निरोपाच्या शेवटी एक जागा असते, जिथे हा रेणू बसतो आणि प्रथिन बनणे थांबवतो. उंदरांत ती जागाच कापून टाकली. प्रथिन वाढले, सिस्ट कमी झाल्या. चांगली प्रत शाबूत असून दाबली जात होती, तिला मोकळे केल्यावर फरक पडला. कारण की परिणाम, या प्रश्नाला इथे निदान प्राण्यांत तरी थेट उत्तर मिळाले. मेथिल खुणांबाबत असे उत्तर अजून आलेले नाही, आणि माझ्या मते या दोन प्रकारच्या संशोधनांत रुग्णाने फरक करायला हवा तो इथेच.

रेग्युलसचे ‘फाराबर्सन’ हे औषध याच रेणूला अडवते. ते टोचून द्यावे लागते. पहिल्या टप्प्यातील चाचणीत रुग्णांच्या लघवीतील पीकेडी प्रथिनांची पातळी वाढल्याचे कंपनीने जाहीर केले. ही दिशा बरोबर आहे. पण पातळी वाढणे आणि डायलिसिस लांबणे यात मोठे अंतर असते, आणि ते मोठ्या चाचण्यांतूनच मोजले जाते.

खुणा पुसणारी औषधे आधीच आहेत, ती का देत नाहीत?

हिस्टोनवरच्या खुणांत फेरफार करणारी औषधे जुनी आहेत. फिट्सवर दिले जाणारे ‘व्हॅलप्रोएट’ हे त्यातलेच. २००९ मध्ये झेब्रा मासे आणि उंदीर यांच्यात त्याने सिस्टवर परिणाम दाखवला. मेथिल खुणा पुसणारी औषधे रक्ताच्या काही कर्करोगांत वापरली जातात. पण ही औषधे एक पान निवडून उघडत नाहीत. वहीतली शेकडो पाने एकदम सोडवतात. कर्करोगात तो धोका पत्करता येतो. पंचविशीतल्या, अजून कामधंदा नीट करणाऱ्या माणसाला तीस-चाळीस वर्षे असे औषध कोण देईल? व्हॅलप्रोएट गर्भालाही अपायकारक आहे.

जीवनसत्त्व ब-३ ची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण ते कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. ‘सर्टुइन-१’ हे प्रथिन हिस्टोनवरच्या खुणा काढण्याचे काम करते. ब-३ चे एक रूप, निकोटिनामाइड, त्याला रोखते, आणि २०१३ मध्ये उंदरांत त्याने सिस्टची वाढ कमी केली. स्वस्त, सुरक्षित, ओळखीचे. सगळे जमून आले होते. अमेरिकेत ३६ रुग्णांवर वर्षभर नियंत्रित चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. सर्टुइन टिकाऊपणे रोखले गेले नाही आणि मूत्रपिंडाच्या वाढीत फरक पडला नाही. उंदराचे निष्कर्ष वाचून गोळ्यांची बाटली आणणाऱ्यांनी ही दुसरी बातमीही वाचायला हवी. ती पहिलीइतकी फॉरवर्ड होत नाही.

आईवडिलांच्या वागण्याची खूण मुलांत उतरते का?

समाजमाध्यमांवर एपिजेनेटिक्स हा शब्द बहुधा याच दाव्यासोबत येतो. गरोदरपणात आईने काय खाल्ले, काय विचार केला, यावर बाळाचा आनुवंशिक आजार ठरतो असे सांगितले जाते. बीजपेशी तयार होताना आणि गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत बहुतांश मेथिल खुणा पुसल्या जाऊन नव्याने बसतात. पॉलिसिस्टिक किडनीच्या बाबतीत मुलाला येतो तो जनुकातला दोष, आणि तो नाणेफेकीसारखा येतो. आईच्या आहाराने, तापाने किंवा रागाने तो येत नाही. आपल्याकडे असे खापर सुनेवर फुटायला निमित्त लागत नाही, म्हणून हे स्पष्ट लिहिलेले बरे.

आज एपिजेनेटिक चाचणी करून घ्यावी का?

नाही. या आजारात उपचारांचा निर्णय बदलेल अशी कोणतीही एपिजेनेटिक चाचणी आज मान्यताप्राप्त नाही. ‘जैविक वय’ सांगणाऱ्या लाळेच्या चाचण्या आता ऑनलाइन मागवता येतात. त्यांत मूत्रपिंडाच्या पेशी नसतात, त्यामुळे या आजाराबाबत त्या काही सांगू शकत नाहीत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. भारतीयांतील दोष ओळखायला त्याची मदत होईल. पण ती अक्षरांची नोंद आहे, चिकटलेल्या पानांची नाही.

‘कधी’ या प्रश्नाचा त्यातल्या त्यात बरा अंदाज देणारी साधने आज वेगळीच आहेत आणि तुलनेने साधी आहेत. एमआरआय किंवा सीटी स्कॅनवरून मूत्रपिंडाचे आकारमान मोजून, उंची आणि वय लक्षात घेऊन, रुग्णाला पाच गटांत बसवता येते. मेयो क्लिनिकने २०१५ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सर्वांत सौम्य गटात मूत्रपिंड वर्षाला दीड टक्क्याहून कमी वाढते, सर्वांत तीव्र गटात सहा टक्क्यांहून अधिक. दुसरे साधन म्हणजे २०१६ चा ‘प्रोपीकेडी’ गुणांक. पुरुष असल्यास एक गुण. पस्तिशीच्या आत रक्तदाब सुरू झाल्यास दोन, त्याच वयाच्या आत लघवीतून रक्त, सिस्टमध्ये जंतुसंसर्ग किंवा कमरेत कळा असे काही झाल्यास आणखी दोन. जनुकदोषाच्या प्रकारानुसार शून्य, दोन किंवा चार. नऊपैकी सहापेक्षा जास्त गुण झाले, तर साठीच्या आत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या घरात जाते. आणि घरात आधी कोणाला कोणत्या वयात डायलिसिस लागला, ही वही तर प्रत्येक कुटुंबाकडे असते. तीच विचारली जात नाही.

हा अंदाज कशासाठी, तर उपचार कोणाला लवकर द्यायचे हे ठरवण्यासाठी. टॉलव्हॅप्टन या गोळीने १,४४५ रुग्णांच्या चाचणीत मूत्रपिंडाची वार्षिक वाढ ५.५ वरून २.८ टक्क्यांवर आली. अमेरिकेत ती या आजारासाठी २०१८ मध्ये मंजूर झाली. पण तिच्याने दिवसरात्र लघवीला पळावे लागते, यकृताची नियमित तपासणी लागते आणि ती महाग आहे. रक्तातले सोडियम घटल्यावर आपल्याकडे हीच गोळी देतात. या आजारातला डोस त्याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा जुन्या चिठ्ठीवर ती आणून घेण्याचा प्रश्नच येत नाही. रक्तदाबाचे म्हणाल, तर तरुण रुग्णांत तो ११०/७५ पर्यंत खाली ठेवल्यास मूत्रपिंडाची वाढ मंदावते, हे २०१४ च्या चाचणीत दिसले, आणि ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या या आजारावरील पहिल्या मार्गदर्शिकेतही तेच लक्ष्य आहे. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला सगळेच देतात. ऑस्ट्रेलियातील तीन वर्षांच्या चाचणीत त्याने मूत्रपिंडाची वाढ कमी झाली नाही. मुतखडा टाळायला मात्र पाणी हवेच.

नात्यातला दाता शोधताना काय?

या सगळ्याची झळ सर्वांत थेट बसते ती प्रत्यारोपणाच्या वेळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला. पैशांची थोडी सोय झाली, पण मूत्रपिंड द्यायचे कोणी? आपल्याकडे बहुतांश जिवंत दाते घरातले. वडिलांकडून आजार आलेल्या मुलाला आई किंवा मावशी देऊ शकते. काका आणि आत्या यांना मात्र तोच दोष असू शकतो. चाळिशीपुढे सोनोग्राफी स्वच्छ आली, तर बहुधा निश्चिंत होता येते. विशीतल्या बहिणीची सोनोग्राफी स्वच्छ आली, तर ते पुरेसे नाही. त्या वयात सिस्ट इतक्या लहान असतात, की एमआरआय आणि घरातला दोष ठाऊक असल्यास जनुक चाचणी करूनच ठरवावे लागते.

आणि समजा त्या बहिणीची जनुक चाचणी ‘आहे’ अशी आली. तिला काहीच त्रास नाही, क्रिएटिनिन उत्तम, सत्तरीपर्यंत तसेच राहण्याचीही शक्यता आहे. विम्याच्या अर्जात मात्र आता तिला हे लिहावे लागेल. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हृदयरुग्णाच्या दाव्यात, ‘आनुवंशिक विकार’ असे सरसकट म्हणून आरोग्य विमा नाकारणे भेदभावाचे ठरवले. अमेरिकेत २००८ पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, तोही आरोग्य विमा आणि नोकरीपुरता. आयुर्विमा त्यात येत नाही. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. उद्या लघवीतून आजाराचा वेग सांगणारी चाचणी खरोखर आली, तर तिचा निकाल ‘जन्मजात’ म्हणून धरायचा की ‘जीवनशैलीचा’ म्हणून? हप्ता ठरवणाऱ्याला दुसरा अर्थ सोयीचा आहे. म्हणून ज्या घरांत हा आजार आहे, तिथल्या पंचविशीच्या मुलामुलींनी चाचणीआधी विम्याचा अर्ज नीट वाचावा. रक्तदाब मोजायला मात्र कशाचीच वाट पाहावी लागत नाही.